शिटेची बाटली परत आली तेव्हा डोळे उघडले

१२,३४९ रुपये. घरी मी सात हजारच सांगितले आहेत, इथे खरा आकडा लिहिते. ४९९ ‘व्हिडिओ तपासणी’चे, ३,८५० औषधाच्या किटचे, २,६०० लॅबचे आणि ५,४०० त्या सिरमचे, जे आलंच नाही. वर कोंबडीच्या ६० पिल्लांतली ४३ गेली. पिल्लू ३५ रुपयांना घेतलं होतं, ते यात धरलेलंच नाही.

फोनवरून पैसे उकळणारे भामटे कसे गाठतात हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. वीजबिलाचा मेसेज, केवायसीचा फोन, एकालाही मी आजवर भीक घातलेली नाही. पण केवायसीवाल्याचा फोन येतो तेव्हा तुमच्या पायाशी पिल्लं माना टाकत नसतात. एवढं लक्षात घ्या आणि मग मला मूर्ख म्हणा.

पिल्लं बावीस दिवसांची होती. सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगावरच्या लासोटा लसीचा थेंब मी स्वतः एकेकाच्या डोळ्यात टाकला होता. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, सगळं वहीत लिहून केलं. फक्त त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला, पत्रा एका कोपऱ्यात गळायला लागला आणि खालचा भुसा भिजला. सासूबाई दोनदा म्हणाल्या, “अगं, तो भुसा काढ आधी, वास मारतोय.” मी वरून कोरडा भुसा पसरला. वरून! रविवारी सकाळी दोन मेलेली, पाच-सहा पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी, आणि भुशावर लाल शिट.

फोटो काढून कोंबडीपालनाच्या ग्रुपवर टाकला. हळद, लसूण, तुरटी, गुळाचं पाणी, सगळे उपाय आले. पाच मिनिटांत वैयक्तिक मेसेज आला: “नमस्कार ताई, मी पोल्ट्री कन्सल्टंट. पिल्लं वाचतील, पण वेळ घालवू नका.” फोटोत गळ्यात स्टेथोस्कोप, मागे पुस्तकांचं कपाट. ४९९ भरले. दीड मिनिट व्हिडिओ बघून निदान दिलं: मानमोडीचा नवा स्ट्रेन.

मानमोडीत मान पिळवटते, शिट हिरवी होते, पिल्लं तोंड उघडून श्वास घेतात, हे मला माहीत होतं. माझ्या एकाही पिल्लाची मान वाकडी नव्हती. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, “नव्या स्ट्रेनमध्ये रक्तच पडतं, ताई.” मी गप्प बसले. त्यानं ना वय विचारलं, ना भुसा, ना पाणी, ना किती मेली आणि कधीपासून. चांगला माणूस आधी प्रश्न विचारतो. न विचारता ज्याला सगळं कळतं, त्याचा फोन ठेवून द्या.

किट बुधवारी आलं. काकवीसारखा वास मारणारं तपकिरी पातळ औषध आणि बी-कॉम्प्लेक्सच्या दोन बाटल्या. सोबत सक्त ताकीद: दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही, रिअॅक्शन येईल. माझी पिल्लं या वाक्यानं मारली, असं मी आजही म्हणते. रोगावरचं साधं औषध पशुखाद्याच्या दुकानात पडून होतं आणि मी ते या ताकिदीपायी आणलं नाही.

आता तो शुक्रवार. लिहिताना हात थरथरतो, रागानं.

गुरुवारी दुपारी चार वाजता त्याच्या सांगण्यावरून मी शिट एका बाटलीत भरून, दोन पिशव्यांत गुंडाळून, त्यानं दिलेल्या ‘लॅब’च्या पत्त्यावर कुरियर केली. २,६०० भरले. कुरियरवाल्यानं सांगितलं होतं, शनिवारी पोचेल. पावती माझ्या पर्समध्ये. आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता रिपोर्ट आला. शिक्का, सही, लाल अक्षरात ‘पॉझिटिव्ह’. बाटली अजून टेम्पोत कुठेतरी हिंदकळत होती आणि तिच्यातल्या शिटेचा अहवाल माझ्या फोनवर होता! मला काय वाटलं असेल? मला वाटलं, किती फास्ट आहेत ही माणसं. मी ह्यांना कौतुकानं दाखवला. सरकारी कारभार आणि खाजगी कारभार यातला फरक बघा, असंही म्हणाले. अकरा वीसला सिरमचे ५,४०० पाठवले. त्या दिवशी आठ पिल्लं मेली होती आणि नववं हातात होतं, त्यामुळे वीस मिनिटंसुद्धा मला जास्त वाटली.

त्या रिपोर्टवर नमुना ‘रक्त’ आणि पक्ष्याचं वय ‘३८ आठवडे’ लिहिलं होतं. हे मुलानं दाखवलं, चार दिवसांनी. दहावीतला मुलगा. शनिवारी मेसेज आला की पत्ता सापडत नाही, पार्सल परत पाठवत आहोत. तेव्हाही मी कुरियरवाल्यालाच शिव्या घातल्या. मंगळवारी बाटली दारात परत आली. झाकण जसंच्या तसं. त्या कन्सल्टंटला फोन लावला तर नंबर ब्लॉक.

त्याच दिवशी एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्याकडचे डॉक्टर सुचवले. त्यांनी फोनवरच विचारलं: वय किती, भुसा कधी बदलला, पहिलं कधी मेलं, आज मेलेलं एखादं ठेवलंय का? होतं. त्यांनी ते माझ्यासमोर फाडलं. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या दोन्ही रक्ताच्या गुठळ्यांनी टम्म. “रक्ती हगवण,” म्हणाले, “कॉक्सिडिया. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू आणि ओला भुसा, आणखी काय हवं त्याला?” अॅम्प्रोलियम लिहून दिलं. पाकीट १६० रुपये, त्यांची फी १००. आणि बी-कॉम्प्लेक्स ताबडतोब बंद करायला लावलं, कारण अॅम्प्रोलियम त्या जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देताच काम करतं. आपण वरून बी-१ पाजलं तर औषध लुळं पडतं. मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही, पाकिटापाकिटावर टक्केवारी वेगळी असते. भुसा सगळा काढला, खालची जमीन कोरडी केली. बुधवारी एक गेलं, त्यानंतर एकही नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

किट येण्याआधी मी सरकारी दवाखान्यात गेले नव्हते असं समजू नका. रविवार बंद. सोमवारी डॉक्टर लाळ्या-खुरकूताच्या लसीकरणाला. मंगळवारी भेटले ते म्हणाले, आम्ही मोठी जनावरं बघतो, पक्षी इथे आणू नका, संसर्ग होईल. मग मी घरी या म्हटलं, तर गाडी नाही. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “किती पिल्लं आजारी? प्रत्येकाचा केसपेपर काढावा लागेल.” गंमत करत होता की खरंच सांगत होता, अजून कळलेलं नाही. गाय आजारी असती तर दारात आले असते. पस्तीस रुपयांच्या जिवाला कोण विचारतं!

पोलिसांत गेले. ठाणे अंमलदारानं पहिला प्रश्न विचारला, “कोंबड्या की पिल्लं?” बाकीचे हसले. रक्कम लहान आहे, सायबरला जा. सायबरला गेले, तर तुमच्या ठाण्यातून पत्र आणा. ठाण्यात परत, साहेब बंदोबस्ताला. तीन फेऱ्यांचं एसटीचं भाडं २७६ रुपये, तेही लिहून ठेवलंय. बँकेतला माणूस म्हणाला, पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम? हो, मीच टाकला. मग आम्ही काय करणार? त्या भामट्याचं खातं गोठवलं, तेव्हा त्यात २१४ रुपये होते. हे ऐकून मी बँकेच्या पायरीवरच बसले. पाच दिवस उशीर केला, ही माझी चूक. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नातेवाइकांना नंतर सांगा.

आणखी जे सुचतं ते. डॉक्टर म्हणवणाऱ्याकडे पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, १९८४ च्या कायद्यानुसार ती नोंदणी लागते. खऱ्याला राग येत नाही. मेलेलं पिल्लू पुरून टाकू नका, पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, आणि शक्य तितक्या लवकर फाडून बघणाऱ्याकडे न्या. हातमोजे घाला. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, खरी लॅब अशी असते. पहिल्याच आठवड्यात मागची जागा पांढऱ्या शिटेनं चिकटून पिल्लं मरत असतील तर रोग अंड्यातूनच आलेला असू शकतो, पिल्लं विकणाऱ्याला तेव्हाच धरा. बोटं आत वळून पिल्लू घोट्यावर बसत असेल तर बी-२ कमी पडलेलं असू शकतं. आणि प्रत्येक तांबूस शिट म्हणजे रक्त नव्हे, आतड्याचं अस्तर सुटलं तरी तशी दिसते. पण पिल्लू फुगून बसलंय आणि भुसा ओला आहे, तर थांबू नका. एकाएकी भराभर मरायला लागली तर लाज न बाळगता दवाखान्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घ्याच.

१७ राहिली आहेत. त्यातली दोन कायम खुरटी राहतील असं दिसतंय.

परवा भावजयीनं शेळीपालनाच्या ग्रुपमधला एक मेसेज पाठवला. शेळ्यांचे तज्ज्ञ, व्हिडिओ तपासणी ४९९. नाव वेगळं, नंबर वेगळा. फोटोतला स्टेथोस्कोप तोच, मागचं पुस्तकांचं कपाटही तेच.