लहान मुलांची स्विमिंग बॅच, कोथरूड – साडेतीन स्टार

लेक पाच वर्षांची आणि पाण्याला जाम घाबरणारी, शॉवरखाली डोकं भिजलं तरी किंचाळायची. इथल्या मॅडमनी आधी पोहायला शिकवलंच नाही, नुसतं पायरीवर बसवून पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावले, मग काठ धरून पाय मारणं, मग पाठीवर तरंगणं. मानेखाली हात ठेवतात आणि मूल सैल पडलं की हळूच काढून घेतात, पोरीला कळलंही नाही!

दंडाला लावायचे हवेचे फुगे इथे चालत नाहीत. बरोबरच आहे, त्याने मूल पाण्यात उभंच राहतं, आडवं व्हायला शिकत नाही आणि उगाच वाटतं आपल्याला येतंय. आमच्या बाबांना गावच्या विहिरीत कमरेला सुका भोपळा बांधून ढकललेलं, ते शिकले, पण काका आजही पाण्यात पाय घालत नाहीत.

आता तक्रार. मे महिन्यात तुफान गर्दी, एका कोचमागे दहा-बारा पोरं, एवढ्या लहान मुलांना हे जास्तच होतं. चेंजिंग रूम कायम ओली. लाईफगार्ड मात्र मोबाईलमध्ये डोकं घालून बसत नाही. सकाळची बॅच घ्या, गॉगल घरचा न्या.