एमएस्सी मॅथ्स, सरकारी विद्यापीठ: तिसऱ्या सेममधून लिहितोय

ॲडमिशनचा सीझन आला की ज्युनियर पोरांचे तेच तेच मेसेज सुरू होतात, दादा मॅथ्स घेऊ का, विद्यापीठात शिकवतात का नीट, स्कोप आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. विद्यापीठाचं नाव देत नाही, राज्यातलंच सरकारी आहे, झाडी भरपूर, वायफाय नावापुरतं. मी बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजातून केलेली, तिथे मॅथ्स म्हणजे मागचे पेपर सोडवायचे, इंटिग्रेशन हाताला बसलं की फर्स्ट क्लास कुठे जात नाही.

माझं मत आधीच सांगतो. शिकवणं बरंय, परीक्षा बेकार, आणि चारनंतरचा रिकामा फळा लाखमोलाचा. फळ्याचं येतो पुढे.

पहिल्या सेमला रिअल ॲनालिसिस, ग्रुप थिअरी, लिनियर अल्जेब्रा सगळं एकदम अंगावर येतं आणि पहिल्या महिन्यात बरीच पोरं गळपटतात, कारण आकडे जवळपास गायबच होतात आणि प्रत्येक गणिताच्या शेवटी उत्तर नसून "सिद्ध करा" असतं. बीएस्सीला डिस्टिंक्शनवाले पहिल्या इंटर्नलला काठावर. ॲनालिसिसच्या सरांनी एकदा ट्युटोरियलला विचारलं, एक्सचा वर्ग हे फंक्शन अख्ख्या रिअल लाइनवर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का (म्हणजे दोन बिंदू पुरेसे जवळ घेतले की फंक्शनच्या किमतीही जवळ, आणि हे 'पुरेसे' सगळीकडे एकच). सगळा वर्ग एका सुरात "नाही सर", नोट्समध्ये तसंच होतं ना. सर म्हणाले, मग दाखवा. शांतता. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने दोन बिंदू घेतले, एक एन आणि दुसरा एन अधिक एक छेद एन. दोघांतलं अंतर एक छेद एन, म्हणजे एन वाढवत नेला की हवं तेवढं लहान होणार, पण त्यांच्या वर्गांतला फरक काढला तर दोन आणि वर थोडंसं, दोनच्या खाली तो येतच नाही कधी. संपलं, दोन ओळीत. मग सर म्हणाले आता हीच युक्ती शून्य ते एकमध्ये, दोन्ही टोकं धरून, करून दाखवा, आणि तिथे ती चालेचना, कारण एनला पळायला जागाच नाही. कॉम्पॅक्ट सेट (रिअल लाइनवर म्हणजे बंद आणि मर्यादित सेट) कशाला लागतात ते मला त्या दिवशी कळलं, त्याआधी नुसती व्याख्या पाठ होती.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. परमनंट माणसं मोजकी, बाकी सगळे सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासावर पैसे आणि तेही वेळेवर नाहीत. गंमत म्हणजे आम्हाला सगळ्यात भारी शिकवलं ते सीएचबीवाल्या सरांनीच, मेझर थिअरीला (लांबी-क्षेत्रफळाच्या मोजमापाचं गणित). त्यांना सेमच्या मध्येच दुसरीकडे पक्की जागा मिळाली, त्यांच्यासाठी आनंदच झाला, पण आमचं त्यातलं लेबेग इंटिग्रल लटकलं ते लटकलंच, उरलेला भाग दुसऱ्या मॅडमनी शेवटच्या आठवड्यात पीपीटीवर पळवला. यात त्या मॅडमचा दोष नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच चार पेपर.

आणि परीक्षा. "स्टेट अँड प्रूव्ह" करत थिअरम ओकायचे, नोट्समधले, शक्यतो त्याच शब्दांत. ज्याने रुडिनच्या ॲनालिसिसच्या पुस्तकातली धड्याशेवटची गणितं (ज्यांची उत्तरं पुस्तकात नसतात) स्वतः डोकं फोडून सोडवली त्याला आणि ज्याने आदल्या रात्री घोकलं त्याला मार्क सारखेच, कधी कधी घोकणाऱ्याला जास्त. निकाल लागायला इतका उशीर की पुढच्या सेमची इंटर्नल होऊन जाते. सीएसआयआर नेटचा (प्राध्यापकी आणि रिसर्च फेलोशिपसाठीची परीक्षा) मॅथ्सचा पेपर याच्या बरोबर उलटा. पार्ट सीमध्ये ६० प्रश्न, त्यातले फक्त २० सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ मार्क, बरोबर असलेले सगळेच्या सगळे पर्याय पकडले तरच मार्क. निगेटिव्ह नाही म्हणून पोरं खूश होतात, पण तिथे पाठांतर शून्य कामाचं. तर विद्यापीठाच्या मार्कांवरून आपल्याला गणित येतं का हे ठरवू नका, दोन्ही बाजूंनी सांगतोय.

आता फळा. चारला लेक्चर संपली की डिपार्टमेंटच्या दोन वर्गखोल्या रिकाम्या असतात आणि कोणी हाकलत नाही, शिपाई मामा फक्त एवढंच म्हणतात की कुलूप लावायच्या आधी फळा पुसून ठेवा रे. आम्ही तिघंचौघं रोज तिथेच. एक लिहिणार, बाकीचे "का?" विचारत बसणार, एवढाच नियम. एकदा १५ ऑर्डरचा (म्हणजे १५ घटकांचा) प्रत्येक ग्रुप सायक्लिक, म्हणजे एकाच घटकापासून तयार होणारा, असतो हे करत होतो, सायलोच्या थिअरमने मस्त सुटतं, ५ ऑर्डरच्या सबग्रुपची संख्या ३ ला भागणारी पाहिजे आणि तिला ५ ने भागून बाकी १, म्हणजे एकच. ३ चं पण तसंच, एकच. मग जोशात म्हटलं २१ चं पण असंच होणार, आणि अडकलो की राव, ७ ला ३ ने भागलं तर बाकी १ च येते, म्हणजे ३ ऑर्डरचे सबग्रुप १ किंवा ७ दोन्ही शक्य. अंधार पडेपर्यंत झगडून शेवटी २१ चा सायक्लिक नसलेला, साधा अबेलियनही नसलेला (म्हणजे क्रम बदलला की उत्तर बदलतं असा) ग्रुप हाताने बांधला. हे कुठल्याच पेपरात आलं नाही, येणारही नाही. पण या खोलीसाठी मी परत इथेच ॲडमिशन घेईन. क्लासवाले पन्नास हजार घेतात आणि तुम्हाला खडू हातात देत नाहीत.

नवीन पॅटर्नमधलं रिसर्च मेथडॉलॉजी आमच्याकडे अगदीच भरताड निघालं, आणि ऑन जॉब ट्रेनिंगला मॅथ्सच्या पोरांनी जायचं कुठे हे कोणालाच माहीत नाही. निम्मे कोचिंग क्लासला शिकवून आले, सही-शिक्का घेतला, विषय संपला. प्रॅक्टिकलमध्ये गणित टाईप करायचं लॅटेक आणि कॉम्प्युटरवर गणित करायचं सेजमॅथ शिकवलं ते मात्र खरंच उपयोगी, दोन्ही फुकट सॉफ्टवेअर.

बाहेरचं पण करा. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) नावाचा उन्हाळ्यातला कार्यक्रम आहे, १९९३ पासून चालतो, चार आठवडे, निवड झाली की राहण्या-खाण्याचा खर्च नाही, आणि तिथे सर उत्तर सांगतच नाहीत, तुमच्याकडूनच काढून घेतात. बीएस्सीला असतानाच फॉर्म भरा. पुण्याला जाणं झालं तर गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ ला सुरू केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, तिथली गणिताची लायब्ररी बघून मला आमच्या लायब्ररीची कीव आली.

पैशाचं म्हणाल तर फी अगदी परवडते, खर्च खोली आणि मेसचा. स्कॉलरशिप येते पण तिच्या भरवशावर मेसवाल्याला तारीख देऊ नका.

कोणी घेऊ नये? ज्याला दोन वर्षांत फक्त नोकरीची हमी हवीय त्याने, आणि एकटा बसून नोट्स काढायची सवय मोडायची नाही त्याने. एन्ट्रन्ससाठी बीएस्सीचं लिनियर अल्जेब्रा आणि सिक्वेन्स-सिरीज पक्कं करा. हॉस्टेलचा फॉर्म ॲडमिशन झाली त्याच दिवशी भरा, दोन दिवस थांबलात तर वेटिंगला जाल. मेस लावायच्या आधी एकदा जेवून बघा.