प्रोब की डीप रॉड? पंपाचा साठा मोजताना

ऑटोमेशनचा आग्रह बहुतेक वेळा तेल कंपनीकडूनच येतो. पेट्रोल पंपचालकापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो: सकाळचा स्टॉक रजिस्टरला लिहायचा तो प्रोब (टाकीतल्या इंधनाची उंची आपोआप मोजणारी इलेक्ट्रॉनिक दांडी) बघून की डीप रॉड (हाताने टाकायची खुणांची दांडी) टाकून?

अचूकपणात प्रोब सरळ पुढे आहे. दोन मीटर व्यासाची, 20 केएलची (20,000 लिटरची) आडवी टाकी निम्मी भरलेली असेल तर 1 मिलिमीटरमागे साधारण 13 लिटर येतात. रॉडवरची पेट्रोलची ओली रेघ उन्हात उडायच्या आत वाचायची म्हणजे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. शिवाय प्रोब तापमानही देतो. पेट्रोल 10 अंशांनी निवलं तर 10,000 लिटरमागे शंभरेक लिटर घटतात. हे ध्यानात आलं नाही की संशय उगाच नोझलवरच्या पोरांवर जातो.

पण प्रोब मोजतो फक्त उंची. लिटर निघतात टाकीच्या चार्टवरून, म्हणजे किती उंचीला किती लिटर या तक्त्यावरून. चार्ट चुकीचा भरला किंवा टाकी एका अंगाला खचली, तर प्रोबचा आकडा दाखवणारा कन्सोल खोटा आकडाही दशांशासकट दाखवतो. चार्ट रॉडलाही लागतोच, पण रॉडवर कुणी डोळे झाकून विसंबत नाही.

खरी गोम पाण्यात आहे. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये झिरपलेलं पाणी आधी विरघळून जातं. प्रमाण वाढलं की इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. हा थर नुसत्या पाण्यापेक्षा हलका. त्यामुळे प्रोबवरचा पाण्यासाठीचा साधा फ्लोट (तरंगणारा भाग) त्यावर उचलला जाईलच असं नाही, आणि रॉडला लावायची, पाणी लागलं की रंग बदलणारी जुनी वॉटर पेस्टही रंग बदलेलच असं नाही. तेव्हा किमतीची घासाघीस नंतर; आधी विचारा, फ्लोट इथेनॉलच्या थरासाठीचा आहे का? रॉडवरच राहणार असाल तर निदान पेस्ट तरी तशी घ्या.

रॉडला खर्च जवळपास नाही. प्रोबला यूपीएस, चांगलं अर्थिंग आणि देखभालीचा करार लागतो. कन्सोल बंद पडला तर माणूस तुमच्या गावी कधी पोचतो, हे शेजारच्या पंपवाल्याला विचारा, विक्रेत्याला नको.

खप मोठा, टाक्या तीन-चार आणि मालक रोज पंपावर नसतो, तर प्रोबच. एखाद-दुसरी टाकी आणि मालक स्वतः गल्ल्यावर, तर रॉडवर भागतं. टँकर खाली करण्याआधी आणि नंतर मात्र प्रोब असूनही रॉड टाका. आणि डेन्सिटी (घनता) हायड्रोमीटरनेच, म्हणजे ती मोजणाऱ्या तरंगत्या काचनळीनेच बघा: 15 अंशांना काढलेली डेन्सिटी टँकरसोबतच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे 3 किलोहून जास्त हलली, तर टँकर खाली करूच नका.