सीपॅपशिवाय आठ महिने: जबडा पुढे धरणाऱ्या माउथपीसचा अनुभव

दुसऱ्या आठवड्यातच माझं घोरणं थांबलं. बायको पुन्हा आमच्या खोलीत झोपायला आली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मीही समजलो, स्लीप अ‍ॅप्नियातून, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारातून, सुटलो. दीड महिन्याने माउथपीस लावूनच पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी केली, तर एएचआय १४! आवाज गेला होता, पण श्वास तासाला चौदा वेळा अडतच होता.

एएचआय म्हणजे झोपेत दर तासाला किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा उथळ होतो, तो आकडा. ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा सुरुवातीला २२ होता. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी घाटात भर दुपारी स्टिअरिंगवर डोळा लागला, मुलगी शेजारी होती म्हणून वाचलो. त्यानंतर तपासणी केली.

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, तीन आठवडे मनापासून लावून पाहिलं. झोपेतच मास्क ओढून काढायचो, सकाळी तो उशीखाली सापडायचा. मग डॉक्टरांनीच डेंटिस्टकडे पाठवलं. त्याआधी ऑनलाइन मागवलेलं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं माउथपीस वापरून झालं होतं. ते रात्रीत निसटून पडायचं. त्यावर पैसे घालवू नका. दातांचं माप घेऊन केलेल्याला मला २८,००० रुपये पडले.

वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक पट्टी बसते आणि बाजूचे स्क्रू खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जिभेचा स्नायू त्याच जबड्याला जोडलेला असल्याने जीभही पुढे येते आणि घशातली वाट उघडी राहते. किती पुढे घ्यायचं हे हळूहळू ठरतं. दुसऱ्या रिपोर्टनंतर डेंटिस्टने आणखी दोन मिलिमीटर पुढे घेतलं, तेही थोडं थोडं करत, पाच आठवड्यांत.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती मी पहिल्यांदा वाचलीच नव्हती. उताणं झोपल्यावर ३४, कुशीवर ९. बायकोने जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं व्हायला गेलं की टोचतो, आपण आपोआप कुशीवर वळतो. आठवड्याभरात सवय झाली. चौथ्या महिन्यातल्या तपासणीत एएचआय ६ आला. या काळात वजनही पाच किलो उतरलं, त्यामुळे नेमकं श्रेय कशाला किती, हे मला सांगता येणार नाही. रात्रीची दारू मात्र पूर्ण बंद केली. तिने घशाचे स्नायू अजूनच सैल पडतात.

त्रास आहेच. पहिला महिना लाळेने उशी ओली व्हायची. सकाळी दाढा इतक्या ठणकायच्या की भाकरी दुधात कुस्करून खायचो. हे दोन्ही गेलं. राहिलं ते वेगळंच: सहाव्या महिन्यापासून पुढचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहीत. डेंटिस्टने सकाळी दहा मिनिटं चावून धरायला एक तुकडा दिलाय, त्याने बरं वाटतं, पण फरक पूर्ण जात नाही. माउथपीस घेण्याआधी हे डेंटिस्टला स्पष्ट विचारा.

एएचआय तिशीच्या वर असेल, हृदयाचा आजार असेल किंवा दात हलत असतील, तर माझं वाचून सीपॅप सोडू नका. मलाही ते डॉक्टरांनी रिपोर्ट पाहूनच बंद करायला सांगितलं. पुढची स्लीप स्टडी दिवाळीनंतर आहे, तीही माउथपीस लावूनच.