फॉरमॅट न करता सुरू झालेला लॅपटॉप : कणकवलीतील दुरुस्ती सेवेचा अनुभव

ऐन एप्रिलमध्ये, देवगडहून हापूसच्या पेट्या रवाना होत असताना, ऑर्डरींची वही असलेला लॅपटॉप मी स्वतःच्या हाताने बंद पाडला. पेट्यांची लेबले छापण्याच्या नव्या प्रोग्रॅमला जीलिबसी (बहुतेक प्रोग्रॅम ज्यावर चालतात तो सामाईक कोडचा संच) २.३४ हवी होती आणि माझ्या उबुंटू २०.०४ या लिनक्स यंत्रणेत २.३१ होती. अपग्रेडला वेळ नाही म्हणून मी २२.०४ च्या पॅकेजमधील लिबसी (जीलिबसीची मुख्य फाइल) काढून जुन्या फाइलवर बसवली. लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लिबसी जोडून देणारा भाग, मात्र जुनाच राहिला. लोडर आणि लिबसी एकाच आवृत्तीचे असावे लागतात आणि यंत्रणेतील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम याच जोडीवर चालतो, त्यामुळे एलएस, सीपी, सुडो अशा रोजच्या आज्ञा साऱ्याच एका क्षणात थांबल्या. उघड्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) सीडी आणि इको तेवढे चालत होते, कारण ते शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या आधीच सुरू असलेल्या प्रोग्रॅमच्या, आतलेच आहेत. तरीही मी रीस्टार्ट केले (हा दुसरा मूर्खपणा) आणि पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे यंत्रणा पुढे सुरूच होऊ शकत नसल्याचा संदेश, आले.

घराजवळच्या दुकानाने पाहताक्षणी फॉरमॅट सुचवले. कणकवलीतील दुकानातल्या मुलाने मात्र पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून डिस्क जोडली आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट कित्याक? फायली सगळे जाग्यार आसत." बिघडलेल्या यंत्रणेत चरूट करून (पेन ड्राइव्हवरच्या उबुंटूतून डिस्कवरच्या यंत्रणेत जाऊन) शिरता येत नव्हते, कारण तिथल्या बॅश या शेललाही तीच लिबसी लागते. म्हणून त्याने २.३१ च्या पॅकेजमधील मूळ फायली बाहेरूनच जागच्या जागी ठेवल्या, मग चरूट करून ते पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केले. लेबलांच्या प्रोग्रॅमची फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज-प्रकारातली आवृत्ती त्याने बसवून दिली. तिची जीलिबसी तिच्यासोबतच येते, मूळ यंत्रणेला हात लागत नाही.

आठशे रुपये आणि एक दुपार, एवढ्यात काम झाले. वही जशीच्या तशी मिळाली, हे माझ्या लेखी सर्वांत मोलाचे.

तक्रार आहे ती कागदाची. बिलावर केवळ 'सॉफ्टवेअर दुरुस्ती' एवढेच लिहिले आहे, काय बदलले याची नोंद नाही. ती मी मागून घेतली आणि त्याने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिली. शिवाय काम सुरू करण्यापूर्वी डिस्कची प्रत काढायला हवी होती, ती काढली नाही. आंब्याचा हंगाम संपला की २२.०४ वर जाण्यासाठी मी त्याच दुकानात जाणार आहे, पण वहीची प्रत या वेळी घरूनच काढून नेईन.