जिल्हा परिषदेचे जुने निकाल शोधताय? या वाचनालयात डबा आणि टॉर्च घेऊन जा

पाचपैकी साडेतीन तारे देतेय. एक तारा झेरॉक्सपायी गेला, अर्धा पंख्यापायी. उरलेले साडेतीन तिथल्या मामांचे आहेत. त्यातले वाचनालयाचे किती, ते कार्यकारिणीनं ठरवावं.

मी सांगली जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. १९८५ ते २०१६ झेडपीचा पगार घेतला. दिवाळीत भाचा म्हणाला, "मावशी, झेडपीला कसला आलाय इतिहास?" ते लागलं. दोनशे पानी वही घेतली आणि ठरवलं की १९६२ पासूनच्या सगळ्या निवडणुका उतरवायच्या. कोणत्या गटातून (झेडपीचा मतदारसंघ म्हणजे गट) कोण उभं होतं, कोण आलं, किती मतांनी आलं.

आधी सरळ मार्गानं गेले. एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. अलीकडच्या दोन निवडणुकांची सहा पानं देतो, पानाला दोन रुपयांप्रमाणे बारा रुपये भरा, बाकीचं "अभिलेखात आढळून येत नाही". बारा रुपये भरले. सहातलं एक पान कोरं होतं.

मग कुणीतरी या वाचनालयाचं नाव सुचवलं. इथं ते लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि तिथली माणसं चांगली आहेत. शंभर वर्षांच्या आसपासची वास्तू, लाकडी जिना, वर संदर्भ विभाग. सभासद नसाल तर दिवसाचे वीस रुपये आणि ओळखपत्राची प्रत. पिशवी खाली ठेवायची, शाईचं पेन वर न्यायचं नाही, पेन्सिल चालते. हे नियम मला पटले. मंगळवारी बंद असतं, ते मात्र कुठंही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा गेले तो मंगळवारच होता.

वर मोठं टेबल आणि त्यामागं मामा. मामा पदानं शिपाई, पण विभाग तेच चालवतात. सूचीची कार्डं आहेत खरी, लाकडी खणांत, सुंदर अक्षरात, पण ती पुस्तकांची. वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांची सूची मामांच्या डोक्यात. मामा रजेवर असले की सूची रजेवर. (कार्यकारिणीतल्या कुणी हे वाचलंच, तर त्यांना शेजारी बसवून एक वही करून घ्या. लवकर.)

"कुठलं साल काढू बाई?" या प्रश्नापाशी माझी पहिली परीक्षा झाली. मी शिक्षिकेच्या हिशेबानं गेले होते. १९६२ साली सुरुवात, मुदत पाच वर्षं, म्हणजे सदुसष्ट, बहात्तर, सत्त्याहत्तर, ब्याऐंशी, पाढ्यासारखं. बासष्ट, सदुसष्ट, बहात्तर हे खंड आले आणि पाढा जुळला. सत्त्याहत्तरमध्ये दोन दिवस घातले, काही नाही. मामा बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकोणऐंशी घ्या की." एकोणऐंशीत निघाली. पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार होतं, काँग्रेस फुटलेली, त्यामुळं एकाच गटात दोन-दोन काँग्रेसवाले आणि कंसात वेगवेगळी अक्षरं. वाचता वाचता डोकं भणभणलं.

मी पाढा एकोणऐंशीपासून पुन्हा सुरू केला आणि चौऱ्याऐंशीचा खंड मागितला. नाही सापडली. पंच्याऐंशी, शहाऐंशी. मग मी थोड्या वरच्या आवाजात म्हणाले की तुमच्याकडं पानं गहाळ आहेत, निवडणुकीचे अंक कुणीतरी फाडून नेलेत. मामांनी चष्मा काढला. "बाई, अंक सगळे हायत. निवडणूकच झाली न्हाई, तर छापतील काय?"

बरोबर होतं. १९७९ नंतरची निवडणूक थेट १९९२ ला. मधली तेरा वर्षं नुसत्या मुदतवाढी आणि शेवटी प्रशासक, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी सरकारनं नेमलेला अधिकारी. मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. मी १९८५ ला नोकरीला लागले आणि झेडपीच्या निवडणुकीची पहिली ड्युटी मला आली ती ब्याण्णवला. सात वर्षं ही ड्युटी का येत नाही, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. उलट टळली म्हणून खूश होते.

त्या एका वाक्यानं माझी वही सुधारली. आबांचंच घ्या. आर. आर. पाटील १९७९ ला झेडपीत आले आणि १९९० ला तासगावातून आमदार होईपर्यंत सदस्य होते. आमच्याकडं हे त्यांच्या लोकप्रियतेचं उदाहरण म्हणून सांगतात, मीही वर्गात सांगितलंय. लोकप्रिय होतेच ते. पण ती अकरा वर्षं एकाच निवडणुकीवरची आहेत.

ब्याण्णवनंतर पाढा पुन्हा जुळतो: सत्त्याण्णव, दोन हजार दोन, सात, बारा, सतरा. याचं कारण पंचायत राजबद्दलची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायचं बंधन आलं, आणि १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग उभा राहिला. या काळातले खंड झरझर होतात. निकाल तक्त्यात छापलेले असतात आणि बायकांची नावं भरभर वाढत जातात. ब्याण्णवला तीस टक्के जागा राखीव होत्या, पुढं एकतृतीयांश झाल्या, बाराला निम्म्या. ब्याण्णवच्या बातम्यांत कितीतरी नावांपुढं "अमक्यांच्या पत्नी" असा खुलासा आहे. बारापर्यंत तो कमी झालेला दिसतो, गेला मात्र नाही.

एक इशारा. गावाचं नाव धरून शोधू नका. दर जनगणनेनंतर गटांची मोडतोड होते आणि गटाला मोठ्या गावाचं नाव लागतं, त्यामुळं आमचं गाव माझ्या वहीत चार वेगवेगळ्या नावांखाली आहे. तालुकेही बदलतात. कडेगाव जुन्या खंडात हुडकाल तर मिळणार नाही, खानापूर तालुक्यात बघावं लागतं. हे मला कुठल्याही कार्डावर सापडलं नाही. मामांनीच सांगितलं, खंड उचलता उचलता.

आता तक्रारी. फोटो काढू देत नाहीत. ठीक आहे, नियम आहे. मग झेरॉक्स तरी धड असावी! मशीन तळमजल्यावर, पानाला पाच रुपये, आणि बांधीव खंड त्यावर सपाट बसत नाही, म्हणून प्रत्येक प्रतीच्या मधोमध काळा पट्टा येतो. मी आठ प्रती काढल्या, त्यातल्या तीन वाचता येतात. पैसे परत मागितले तर काउंटरवरच्या मुलानं "मशीन असंच आहे मॅडम" म्हणून हात वर केले. पंखा एक आणि तो मामांच्या डोक्यावर. खिडकीपासून दुसऱ्या बाकावर बसलात तर दुपारनंतर बारीक टाइप दिसत नाही, म्हणून टॉर्च. जवळपास खायला काही नाही, म्हणून डबा, आणि तो खाली अंगणात खायचा.

बांधणीचंही सांगायला हवं. जुन्या खंडांना वाळवी नाही, कसर नाही, डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. म्हणजे निगा राखलेली आहे. पण बांधणाऱ्यानं शिलाई फार आत घेतली. पानाचा आतला रकाना शिवणीत जातो आणि नेमका मतांचा रकाना तिथं असतो. माझ्या आईच्या माहेरच्या गटाचा १९६७ चा निकाल असाच अडकला. विजयी उमेदवाराचं नाव दिसतं, पक्ष दिसतो, मग "४,१" आणि पुढं दोरा. मामांनी लाकडी पट्टी आणली, पान हलकेच दाबून धरलं, मी टॉर्च मारला. एक आकडा आणखी दिसला, तीन किंवा आठ. मामा म्हणाले आठ, मला तीन वाटला. तासभर आम्ही दोघं त्यावरच. शेवटी त्यांनी पान मिटलं. "शिवण उसवायची झाली तर ग्रंथपालांची सही लागंल," म्हणाले, आणि स्वतःच्या पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर पान क्रमांक लिहून खंडात ठेवला.

जायचं कुणी? एखादा निकाल, एखादं नाव हवं असेल तर नक्की जा, सालाची खात्री करून. सगळ्या जिल्ह्याचा तक्ता करायचा असेल तर महिनाभर तरी धरा. घाईत असाल तर नकोच. २०१७ चे निकाल ऑनलाइन मिळतात, त्यासाठी जिने चढू नका. (त्या वर्षी आमच्याकडं अध्यक्ष भाजपचा झाला, हे काँग्रेसच्या वसंतदादा पाटलांच्या जिल्ह्यात मामांना अजून पचलेलं नाही. त्यावर ते तासभर बोलतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.)

वही दोन हजार सतरापर्यंत आली. मार्च २०२२ ला ती मुदत संपली आणि बावीसची निवडणूक न होता प्रशासक बसला. पुढच्या पानावर "२०२२" असा मथळा मी आधीच, पाढ्याच्या भरवशावर, आखून ठेवला होता. तो खोडून पेन्सिलीनं "प्रशासक" लिहिलंय.

ग्रंथपालांच्या सहीसाठी अर्ज दिलाय. बुधवारी बोलावलंय.