जर्मन ब्लू रॅमसोबत कोण नांदलं, कोण नाही: आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये टाकीत पाळायला जर्मन ब्लू रॅम हे छोटे रंगीत मासे आणले तेव्हाच ठरवलं होतं की लगेच काही लिहायचं नाही, कारण पहिले पंधरा दिवस सगळ्यांचेच मासे एकदम मस्त असतात. आता दिवाळी तोंडावर आलीय, गल्लीतली पोरं नरकासुराचा सांगाडा बांधायला बसलीयत, म्हणजे आठ महिने होत आले. आता लिहायला हरकत नाही.

आधी टाकी सांगते. तीन फुटी, पाणी साधारण सव्वाशे लिटर, एक हँग ऑन फिल्टर आणि एक स्पंज फिल्टर, खाली बारीक वाळू, एक मोठं लाकूड, त्याला बांधलेल्या जावा फर्न आणि अनुबियास या पाणवनस्पती. जानेवारीत भरली आणि मासे न टाकता नुसती चालवली, घरातले हसायचे की पाण्याला कसली हवा घालतेस. हीटर आहे पण कपाटात, कारण इथे गोव्यात, डिचोलीत तो लागतो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, एरवी आमच्या हॉलमधलं पाणी २७ ते ३० डिग्रीत असतं आणि म्हणूनच रॅम घ्यायचं धाडस केलं. हा मासा मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा, ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, त्याला उबदार, मऊ, किंचित आम्ल पाणी लागतं. आमची विहीर चिऱ्याच्या खडकातली, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६०-७०, पीएच साडेसहाच्या आसपास, म्हणजे लोक आरओचं पाणी मिसळून मिसळून जे मिळवतात ते आमच्याकडे फुकट पंपाला येतं. फक्त काढल्या काढल्या टाकीत ओतायचं नाही, रात्रभर बादलीत बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून ठेवायचं, विहिरीच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच थोडा वर सरकतो आणि मग तिथेच थांबतो. हे न करता एकदा सरळ बादली ओतली होती, दोन दिवस रॅम काळपट होऊन लाकडामागे बसले होते.

नावावरून घरात भरपूर विनोद झाले. मासे आले आणि पाठोपाठ रामनवमी, सासूबाईंनी विचारलं, ‘राम आणलास, मग सीता कुठाय?’ म्हटलं आई, राम नाही, रॅम, रामिरेझ नावाच्या माणसावरून पडलंय, ही बघा गुलाबी पोटाची ती सीता. दुकानदाराने दोन नर आणि एक मादी असं दिलं होतं. दुसरा नर अर्थातच लक्ष्मण, पण हा लक्ष्मण वनवासात काही साथ द्यायला तयार नव्हता. तीन फुटांची टाकी दोन नरांना पुरली नाही, आठवड्याभरात एकाची शेपटी फाटली. त्याला परत करून आले. तेव्हा पहिली गोष्ट ही की रॅमचा सगळ्यात वाईट शेजारी म्हणजे दुसरा नर रॅम, आणि त्याच न्यायाने तळाला हद्द आखून बसणारे रॅमच्याच कुळातले बाकीचे छोटे सिक्लिडही, म्हणजे अपिस्टोग्रामा वगैरे, एवढ्या जागेत नकोतच.

आता खरा मुद्दा. शेजारी निवडताना सगळे एकच विचारतात, भांडेल का? मी पण हेच विचारून विचारून मासे घेतले आणि माझे जे काही मेले ते एकही भांडणात मेले नाहीत. काही उकाड्याने गेले, आणि रॅमची मादी जवळजवळ उपासमारीने गेली होती, ती पण अतिशय सभ्य, कोणाला न चावणाऱ्या माशांच्या संगतीत.

उकाड्याचं आधी. एका दुकानातून बारा कार्डिनल टेट्रा घेतले. घरी आणून लाइट लावला तर लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंतच. कार्डिनलचा लाल पट्टा डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग असतो, अर्धा असेल तर तो निऑन. दिसायला सख्खे भाऊ, पण निऑनला २० ते २६ डिग्रीचं पाणी मानवतं, आणि कार्डिनल रॅमच्याच तोलामोलाचा, गरम पाण्यात रमणारा, त्याचं एक घर तर ओरिनोकोच्याच खोऱ्यात आहे. मला दुकानात पिशवी उजेडात धरून बघायचं सुचलं नाही, ही माझी चूक, आणि त्यांनी निऑन कार्डिनल म्हणून कार्डिनलच्या भावात विकले ही त्यांची. एप्रिल गेला कसाबसा. मेमध्ये पाणी ३१ ला गेलं आणि तीन-चार दिवसांआड एक असे आठ निऑन गेले, अंगावर ना डाग ना जखम, आदल्या रात्री जेवलेला मासा सकाळी फिल्टरच्या तोंडाला चिकटलेला. राहिलेले चार बहिणीकडे दिले, तिची टाकी एसीच्या खोलीत असते, तिथे अजून फिरतायत. जूनमध्ये दुसरीकडून खरे कार्डिनल घेतले, पिशवी खिडकीकडे धरून एकेक पट्टा बघून, दुकानदार वैतागला तर वैतागला. दहा घेतले, आज नऊ आहेत. या टाकीत पूर्ण मार्क मिळवणारा मासा हाच.

आता उपासमारीचं, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या टाकीतले सहा झेब्रा डॅनिओ होते माझ्याकडे. हे तर आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांतले, काटक, कोणाच्या वाट्याला जात नाहीत, म्हटलं राहू देत, वर पळत राहतील आणि रॅम खाली राहतील. त्यांनाही थंड पाणीच आवडतं, पण या सहांनी कधी तक्रार केली नाही. प्रश्न निघाला जेवणाचा. डॅनिओ म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातून जिलबी घेणारी माणसं, दाणा पाण्याला टेकायच्या आत गायब. रॅमची तऱ्हा वेगळी, आधी दाण्याकडे तोंड करून थांबणार, एक डोळा फिरवून बघणार, मग अर्धा इंच पुढे जाणार, मग तोंडात घेऊन परत थुंकणार, आणि तोवर डॅनिओ येऊन तो थुंकलेलाही घेऊन गेला. नर तरी थोडा दांडगा होता, मादी मात्र मागे मागे. मी वरून बघायचे तर सगळे छान पोहतायत, दाणे संपलेत, म्हणजे सगळे जेवले. दोन आठवडे हे असंच चाललं होतं.

पकडलं कोणी तर आमच्या दारावर येणाऱ्या नुस्तेकान्नीने, म्हणजे मासळीवालीने (नुस्तें म्हणजे मासळी). ती पाटी उतरवून पायरीवर बसली होती, बांगडे मोजता मोजता आत टाकीकडे नजर गेली आणि म्हणाली, ‘गो बाय, हें नुस्तें उपाशी उरता.’ मी म्हटलं रोज दोनदा घालते. तर उठून दारातूनच बोट दाखवलं, त्या गुलाबी पोटाच्या मादीकडे, गालाच्या मागे पोटाला खळगा पडला होता आणि पाठीची धार निघाली होती. आयुष्यभर माशांची पोटं आणि कल्ले बघून भाव ठरवणारी बाई ती, तिला दोन सेकंद लागले. मी रोज तासभर टाकीसमोर बसून रंग बघत होते, पोट बघितलंच नाही. (बांगडे त्या दिवशी शंभरचे जास्तच घेतले, एवढं तर बनतंच.)

त्यानंतर जेवण घालायची पद्धतच बदलली. डॅनिओ पाटावरच्या पंगतीतून काढले, म्हणजे शेजारच्या काकांच्या सिमेंटच्या टाकीत दिले, तिथे कमळ आहे आणि डासांच्या अळ्या आहेत, त्यांची चैन झाली. पण कार्डिनलही काही कमी चपळ नाहीत, म्हणून आधी डाव्या कोपऱ्यात तरंगणारे फ्लेक्स, सगळी टोळी तिकडे धावली की उजवीकडे सपाट दगडावर मोठ्या सिरिंजला एअरलाइनचा नळीचा तुकडा लावून त्यातून फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) अगदी रॅमच्या तोंडाशी सोडायचे. पहिले चार दिवस मादी नळीला घाबरली. पाचव्या दिवशी नळी पाण्यात शिरताना दिसली की दगडावर येऊन उभी. तीन आठवड्यांत पोट भरलं, रंग परत आला. म्हणून सांगते, नाजूक माशाचा शेजारी निवडताना दुकानात तो चावतो का हे विचारा, पण पाच मिनिटं थांबून दुकानदाराला चिमूटभर खाणं टाकायला लावा आणि तो कसा जेवतो ते स्वतः बघा.

रमी नोज टेट्रा आठ आहेत. जेवायला हे पण हावरट, पण घोळका करून एकाच बाजूला धावतात म्हणून त्यांना चकवणं सोपं. त्यांचा खरा उपयोग वेगळाच निघाला. चवथीला आम्ही पाच दिवस पेडण्याला गावच्या घरी असतो, टाकी दिराच्या मुलावर सोपवली, पुड्या बांधून दिल्या होत्या रोजची एक अशा. पण घरी भजनाला, गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी बघायला माणसं, लहान मुलं, आणि प्रत्येक पाहुण्याला ‘मासे कसे खातात बघ’ म्हणून दाखवायची हौस. परत आले तर वाळूवर पांढरा साका आणि रमी नोजची नाकं लाल ती फिक्कट, जवळजवळ बिनरंगी. पाणी तपासायचं किट काढून बघितलं तर अमोनिया, जास्तीचं खाणं कुजून झालेला. बाकी कोणाच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, रॅम सुद्धा वरवर ठीक. तीन दिवस रोज ३० टक्के पाणी बदललं, खाणं बंद, चौथ्या दिवशी नाकं लाल. तेव्हापासून सकाळी उठल्यावर आधी नाकं बघते. गावाला जाताना आता खाणंच ठेवत नाही, मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतात, जास्त खाण्याने मात्र जातात.

तळाला कोरीडोरा हवेच होते. यात पण तापमान बघा, पांडा कोरी गोड दिसतो पण त्याला थंड लागतं, म्हणून स्टर्बाय घेतले, सहा, हे डिस्कस माशांच्या गरम टाकीतही ठेवतात. कोरीला बारीक वाळू हवी, टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. आमच्या चिरंजीवांनी यावर उपाय म्हणून मोरजीच्या किनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणली, फुकट आणि सुंदर. नशीब मी आधी वाटीत घेऊन त्यावर घरचं माडाचं व्हिनेगर ओतलं, सर्रकन फेस आला. शिंपल्यांचा चुरा असतो त्यात, तो पाण्यात हळूहळू विरघळून पाणी कडक करतो, पीएच चढवतो, रॅमसाठी बरोबर उलटं. ती वाळू आता तुळशीजवळच्या कुंडीत आहे.

स्टर्बायला मार्क कापायचे ते एकाच कारणाने. जुलैमध्ये रॅमने त्या सपाट दगडावर अंडी घातली, शंभरच्या वर असतील, नर दिवसभर पंखाने वारा घालत उभा, एवढासा पाच सेंटिमीटरचा जीव पण कार्डिनलच्या टोळीला हाकलत होता. सकाळी दगड स्वच्छ. रात्री रॅमला दिसत नाही, कोरी मिशांनी वास घेत येतात आणि साफ करून जातात. पिल्लं हवी असतील तर कोरी नको किंवा जोडीला वेगळी टाकी हवी. मला पिल्लांची घाई नाही, म्हणून कोरी राहिले.

किती मासे ठेवायचे हे गोव्यात वीज ठरवते. जूनच्या पहिल्या वादळात आमच्याकडे रात्री साडेपाच तास लाइट नव्हती. गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ३० ला साडेसात, तेही पाणी हलतं असेल तर. मध्यरात्री टॉर्च मारला तर टेट्रा सगळे वर तोंड काढून, कोरी मधूनच वर येऊन हवा गिळून खाली, त्यांना आतड्यातून हवा घेता येते म्हणून ते निवांत. रॅमला ती सोय नाही. मी तांब्याने पाणी काढून वरून धार सोडत दोन वाजेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा एअर पंप घेतला, लाइट गेली की आपोआप चालू होतो, आणि अजून एक जोडी हनी गुरामी घ्यायचा विचार होता तो सोडला.

गप्पी ठेवू का असं बरेच जण विचारतात. भिंतींवर ‘गप्पी मासे पाळा’ वाचून मोठे झालेले आपण, पण त्याला कडक पाणी मानवतं, रॅमला मऊ, दोघांपैकी एकाची आबाळ होणारच. टायगर बार्ब पंख कुरतडतात, एंजल फिश मोठा झाला की कार्डिनल गिळतो, गोल्डफिशला गार पाणी, यांच्यावर जास्त लिहायची गरज नाही.

राहिला सकर, तोंडाने काचेला चिकटणारा मासा. काच साफ करतो म्हणून दुकानदाराने दोन इंचाचा गळ्यात मारला, मीही घेतला. काच त्याने साफ केली ती पहिले दोन महिने, मग खाणं आयतं मिळतंय म्हटल्यावर शेवाळाकडे ढुंकून बघितलं नाही आणि लांबच लांब शी करून वाळू भरून टाकली. चपट्या अंगाच्या माशांना हे रात्री चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात असं वाचलं होतं, ऑगस्टमध्ये रॅमच्या कुशीवर एक फिकट चट्टा दिसला आणि त्याच दिवशी याला बाहेर काढला. आता मागच्या अंगणात सिमेंटच्या टाकीत एकटा आहे, सात इंच झालाय आणि फुटापलीकडे जाणार आहे. नदीत सोड म्हणणारे तीन जण भेटले, तो नदीत सोडायचा मासा नाही, इथला नाही आणि आपल्याकडच्या पाण्यात पसरला तर आवरत नाही. कोणाकडे चार फुटांच्या वरची टाकी असेल आणि त्यात रॅम, डिस्कस, एंजल नसतील तर फुकट देते, सोबत काकडीच्या चकत्या खायची सवय पण लावून दिलीय. फक्त डिचोलीला येऊन न्यावा लागेल, आणि येताना झाकणाची बादली आणा, उडी मारतो.